मापपट्टी कोणाच्या हातात?

सन १७६८. कोचीनचे मोठे व्यापारी एझेकिएल राहाबी यांनी हॉलंडमधल्या हेग शहरी टोबियास बोआस या यहुदी सावकाराला हिब्रूत एक लांबलचक पत्र धाडलं. बोआस यांनी हिंदुस्थानातल्या यहुद्यांविषयी प्रश्न विचारले होते, त्यांची ती उत्तरं होती. त्या पत्रात आपल्याविषयीही थोडा मजकूर आहे. मराठ्यांच्या आणि मोगलांच्या मुलखात बेने इस्राएल नावाचे लोक पसरलेले आहेत, ते तेल गाळतात, काही शिपाईगिरी करतात, शाब्बाथ पाळतात, पण शेमाखेरीज त्यांना प्रार्थना फारशा येत नाहीत, असा त्याचा आशय आहे.

आपला इतिहास लिहिणाऱ्यांनी हे पत्र मोलाचा पुरावा मानलं, आणि ते मोलाचं आहेच. पण ते वाचताना एक गोष्ट सहज नजरेआड होते. प्रश्न विचारणारा हेगमध्ये होता, उत्तर देणारा कोचीनमध्ये. ज्यांच्याबद्दल हे सगळं चाललं होतं ते आपले पूर्वज कुलाब्याच्या किनाऱ्यावर घाण्याला बैल जुंपत होते. त्यांना कोणी काही विचारलं नाही, आणि आपल्याबद्दल काय लिहिलं गेलं हेही त्यांना कळलं नाही.

तेव्हा प्रश्न कागदावर यायचे. आता ते कापसाच्या काडीवर येतात. गालाच्या आतून काडी फिरवायची, नळीत घालायची, एका कागदावर सही करायची, झालं. आपण हजार-पंधराशे वर्षं नाही म्हटलं तरी कित्येक शतकं आपसातच लग्नं करत आलेला लहानसा समाज. अशा समाजाच्या रक्ताला संशोधकांच्या लेखी फार किंमत असते. इस्राएलमध्ये, अमेरिकेत, इंग्लंडात, हॉलंडात राहणाऱ्या आपल्या कुटुंबांपुढे कधी इस्पितळाकडून, कधी विद्यापीठाकडून, कधी घरपोच डबी पाठवणाऱ्या कंपनीकडून अशी विचारणा येऊ शकते. तेव्हा हो म्हणावं की नाही, आणि म्हणायचं तर कोणत्या अटीवर, याचा विचार आधीच करून ठेवलेला बरा.

त्यासाठी हॉलंडच्या इतिहासाइतका चांगला धडा आम्हाला दुसरा सापडला नाही. कारण तिथल्या यहुद्यांनी मापपट्टी धरलीही आहे आणि स्वतःच्या अंगावर झेललीही आहे.

ॲम्स्टरडॅमचे पाहुणे

१६६३ मध्ये डचांनी पोर्तुगीजांकडून कोचीन घेतलं. त्यानंतर तेवीस वर्षांनी, १६८६ मध्ये, ॲम्स्टरडॅमच्या पोर्तुगीज यहुदी समाजातली काही मंडळी कोचीनला उतरली. त्यांचा प्रमुख मोसेस पेरेरा द पैवा. हे लोक स्वतः स्पेन आणि पोर्तुगालमधल्या छळातून सुटून हॉलंडात स्थिरावलेल्यांचे वंशज. १६७५ मध्ये त्यांनी ॲम्स्टरडॅममध्ये भव्य सिनेगॉग उभारलं होतं, ते आजही मेणबत्त्यांच्या उजेडात पाहायला मिळतं. कोचीनमध्ये त्यांचं प्रेमाने स्वागत झालं. पैवा यांनी जे पाहिलं-ऐकलं त्याचा वृत्तान्त पुढच्याच वर्षी ॲम्स्टरडॅमला छापला गेला.

त्या वृत्तान्तात परदेशी यहुद्यांच्या घराण्यांची यादी आहे, कोण कुठून आला याची नोंद आहे. आणि मलबारी यहुद्यांबद्दल, म्हणजे ज्यांना ‘काळे’ म्हटलं जाई त्यांच्याबद्दल, ते गुलामांचे वंशज आहेत आणि म्हणून गोरे त्यांच्याशी सोयरीक करत नाहीत, अशी माहिती आहे. ही माहिती पैवांना दिली कोणी? ज्यांच्या घरी ते उतरले होते त्यांनी. पाहुणा यजमानाच्या ओसरीवर बसून शेजाऱ्याची वंशावळ लिहून घेतो, तेव्हा काय लिहिलं जाणार हे सांगायला नको.

पैवा वाईट हेतूने आले नव्हते. दूरदेशी आपले भाऊबंद आहेत याचा त्यांना आनंदच होता. तरीही त्यांची छापील ओळ पुढे शतकानुशतकं मलबारींच्या मानगुटीवर बसली. विसाव्या शतकातही कोचीनच्या परदेशी सिनेगॉगमध्ये सगळ्यांना बरोबरीने बसता यावं म्हणून सत्याग्रह करावा लागला. आपल्याकडच्या गोऱ्या आणि काळ्या इस्राएलांची गोष्ट ज्यांनी घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून ऐकली आहे, त्यांना हा विषय परका वाटणार नाही. बाहेरचा माणूस फूट पाडतोच असं नाही. बऱ्याचदा ती आधीपासून असते. तो ती लिहून ठेवतो आणि मग ती पुसायला जड जाते.

कवट्या मोजणारा डॉक्टर

आता अडीचशे वर्षं पुढे येऊ. पैवांच्याच समाजावर पाळी आली.

मधल्या काळात युरोपात माणसांची शरीरं मोजण्याचं शास्त्र तयार झालं होतं. डोक्याची लांबी-रुंदी, नाकाची ठेवण, डोळ्यांचा रंग यांवरून माणसांचे ‘वंश’ ठरवायचे. डचांनी ही मापपट्टी आपल्या वसाहतींत मनसोक्त चालवली. क्लाइवेग द झ्वान नावाचे डच डॉक्टर १९१० मध्ये सुमात्राजवळच्या नियास बेटावर गेले, तिथल्या लोकांची मापं घेतली, त्यांच्या चेहऱ्यांवर ओलं प्लास्टर थापून साचे काढले. ते मुखवटे ॲम्स्टरडॅमच्या वसाहत-संग्रहालयात आले. पुढे हेच डॉक्टर ॲम्स्टरडॅम विद्यापीठात मानववंशशास्त्राचे प्राध्यापक झाले. वसाहतीच्या सरकारी बंदोबस्तात आलेल्या गोऱ्या डॉक्टरला नियासचा शेतकरी ‘नको’ म्हणू शकत होता का, हा प्रश्न त्या काळी कोणाला पडलेला दिसत नाही.

१९४० च्या मे महिन्यात जर्मनांनी हॉलंड घेतलं. जानेवारी १९४१ मध्ये सर्व यहुद्यांनी आपली नोंद करावी असा हुकूम निघाला. सुमारे १,४०,००० माणसांनी नोंद केली. त्यांत पोर्तुगीज यहुदी साधारण ४,३०० होते. १९४२ च्या उन्हाळ्यात पूर्वेकडच्या छावण्यांकडे गाड्या सुटू लागल्या. तेव्हा पोर्तुगीज यहुद्यांमधल्या काही जाणत्यांनी एक वाट शोधली. हेगमध्ये हान्स काल्मायर नावाचे जर्मन वकील होते. ज्यांच्या वंशाबद्दल शंका आहे अशा प्रकरणांचा निकाल त्यांच्या कचेरीत लागे, आणि शक्य तिथे ते माणसं सोडवत. त्यांच्यापुढे दावा मांडायचा तो असा: पोर्तुगीज यहुदी हे धर्माने यहुदी असले तरी वंशाने नाहीत, ते भूमध्य समुद्राकाठच्या लोकांपैकी आहेत.

पुरावा हवा होता. तो देण्यासाठी पुढे आले आरी द फ्रू. हे डॉक्टर होते, कवटीच्या मोजमापांचे अभ्यासक होते, आणि यहुदी नव्हते. त्यांनी पोर्तुगीज यहुद्यांची डोकी, नाकं, उंची मोजली, कोष्टकं मांडली आणि १९४३ मध्ये जर्मन भाषेत अहवाल दिला. निष्कर्ष अर्थातच हवा होता तोच निघाला. द फ्रू यांचा हेतू माणसं वाचवण्याचा होता, आणि या अहवालामुळे काही जणांना मोलाचे महिने मिळाले. युद्धानंतर ते ॲम्स्टरडॅम विद्यापीठात प्राध्यापक आणि पुढे रेक्टर झाले.

या प्रसंगाकडे जरा थांबून पाहायला हवं, कारण मापं देणारे आणि घेणारा यांच्यात इतका विश्वास असलेलं दुसरं उदाहरण क्वचितच मिळेल. संशोधन समाजानेच मागितलं होतं. संशोधक आपल्या बाजूचा होता. संमती होती. निष्कर्ष अनुकूल होता. तरी दोन गोष्टी झाल्या.

पहिली, हा दावा मांडायचा तर ‘आम्ही त्या बाकीच्यांसारखे नाही’ असं म्हणावं लागत होतं. बाकीचे म्हणजे ॲम्स्टरडॅमचे गरीब अश्केनाझी यहुदी, शेजारचे, ज्यांच्या गाड्या आधीच सुटल्या होत्या. जिवावर बेतलं असताना कोणी काय म्हटलं याचा न्याय आज आरामात बसून करणं आम्हाला जमणार नाही. पण प्रश्न कसा मांडला गेला ते पाहावं. प्रश्न मांडणाऱ्याने उत्तरासाठी एकच दार ठेवलं होतं, आणि ते दार भावाला बाहेर ठेवूनच उघडत होतं.

दुसरी गोष्ट फेब्रुवारी १९४४ मधली. संरक्षणाच्या यादीत तोवर काहीशे माणसंच उरली होती. त्यांना धरून वेस्टरबोर्कच्या छावणीत आणलं. तिथे एस.एस.चे अधिकारी आले, त्यांनी या कुटुंबांना समोर उभं करून नुसतं डोळ्यांनी पाहिलं, आणि हे लोक यहुदीच असल्याचं ठरवलं. कोष्टकं, आकडे, अहवाल सगळं बाजूला राहिलं. त्याच महिन्यात त्यांची रवानगी थेरेझीनश्टाटला झाली आणि तिथून बहुतेकांची आउश्वित्झला.

म्हणजे मापपट्टी मित्राच्या हातात होती, पण निकाल कधीच त्याच्या हातात नव्हता. शास्त्र किती अचूक आहे, संशोधक किती सज्जन आहे, यांपेक्षा मोठा प्रश्न हा असतो की शेवटचा शब्द कोणाचा.

यादीचं काय होतं

त्याच हॉलंडचा आणखी एक धडा आहे. डच नोंदवह्या जगात नावाजलेल्या होत्या. कोण कुठे राहतो, कोणत्या धर्माचा, सगळं व्यवस्थित. शांततेच्या काळात ती उत्तम राज्यकारभाराची खूण होती. १९४१ च्या मे महिन्यात ॲम्स्टरडॅम नगरपालिकेने याच नोंदींवरून शहराचा एक नकाशा तयार केला. त्यावर काळे ठिपके होते, एक ठिपका म्हणजे दहा यहुदी. कोणत्या गल्लीत किती माणसं धरायची हे त्यावरून दिसत होतं. मार्च १९४३ मध्ये प्रतिकार चळवळीतल्या कलावंतांनी आणि विद्यार्थ्यांनी ॲम्स्टरडॅमची लोकसंख्या-नोंदणी कचेरी पेटवून दिली. त्यांच्यातल्या बहुतेकांना त्यासाठी गोळ्या घालण्यात आल्या. हॉलंडातून १,०७,००० यहुदी नेले गेले, परतले सुमारे ५,२००.

नोंद करणारा कारकून खुनी नव्हता. पण यादी ज्याने केली तिच्यावर त्याचा ताबा राहत नाही. ही जुनी गोष्ट वाटत असेल तर २०२३ सालची बातमी आठवा. २३अँडमी या डीएनए तपासणाऱ्या अमेरिकन कंपनीतून सुमारे ६९ लाख लोकांची माहिती चोरीला गेली, आणि चोरांनी बाजारात सर्वात आधी जे मांडलं त्यात अश्केनाझी यहुदी वंशाच्या लोकांची वेगळी काढलेली यादी होती. मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि लाखो लोकांच्या थुंकीतून निघालेली माहिती विक्रीच्या मालमत्तेत जमा झाली. त्यांत ज्यांनी हौसेने डबी मागवली ते होतेच. आणि ज्यांनी कधी मागवली नाही असे त्यांचे चुलते, मावशा आणि नातवंडंही एका अर्थी होती, कारण डीएनए एकट्याचा कधीच नसतो.

आपली पाळी

आपल्या वंशाची तपासणी आपण दोनदा पाहिली आहे, एकदा कागदावर आणि एकदा प्रयोगशाळेत.

पहिली १९६२ ची. इस्राएलच्या मुख्य रब्बी-मंडळाने आधीच्या वर्षी बेने इस्राएलांशी लग्नं करायला हरकत नाही असं म्हटलं होतं. पण फेब्रुवारी १९६२ च्या सूचनांनी लग्न लावणाऱ्या रब्बींना सांगितलं की बेने इस्राएल वधू-वरांच्या आई, आजी, पणजीपर्यंत जमेल तितकं मागे जाऊन तपास करा. ज्यांच्या आज्या रोह्याला, पेणला, म्हसळ्याला वाढल्या त्यांनी कोणता दाखला आणायचा? आपली माणसं जेरुसलेमच्या रस्त्यावर बसली. १७ ऑगस्ट १९६४ रोजी क्नेसेटने बेने इस्राएल सर्वार्थाने यहुदी आहेत असा ठराव केला, आणि महिनाअखेरीस त्या सूचनांतून आपलं नाव निघालं. योगायोग असा की त्याच वर्षी जूनमध्ये जगभरच्या डॉक्टरांच्या संघटनेने हेलसिंकीला जाहीरनामा काढला होता, की माणसावर संशोधन करायचं तर त्याची समजून-उमजून दिलेली संमती हवी.

दुसरी तपासणी आली २००२ मध्ये. लंडनच्या सोआसमधले प्राध्यापक ट्यूडर पार्फिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या पुरुषांच्या डीएनएचे नमुने तपासले होते. त्या वर्षी वर्तमानपत्रांत बातमी झळकली की बेने इस्राएलांच्या पितृवंशात कोहेनांशी जोडली जाणारी खूण सापडली. आपल्यात आनंद झाला. ज्यांना जेरुसलेममध्ये पणजीचा दाखला मागितला गेला होता, त्यांच्या हातात जणू दाखलाच आला. तो आनंद आम्हाला पूर्ण समजतो.

पण थोडं बारकाईने पाहू. आपल्या परंपरेत कोहेन नव्हतेच, लेवीही नव्हते. आपल्याकडे काझी होते, मुकादम होते. कोहेनांची खूण शोधायची ही कल्पना आपली नव्हती. ती दुसरीकडच्या यहुद्यांवर आधी झालेल्या संशोधनातून आलेली, आणि तिच्यात आपल्याला बसवून पाहिलं गेलं. ती सापडली नसती तर? तर नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबताची आणि वाचलेल्या सात जोडप्यांची गोष्ट खोटी ठरली असती का? शनवारी घाणा बंद ठेवणारे तेली यहुदी नव्हते असं झालं असतं का? जो दाखला प्रयोगशाळा देऊ शकते तो ती काढूनही घेऊ शकते. पार्फिट यांनी स्वतः युलिया येगोरोवा यांच्यासह २००६ मध्ये एक पुस्तक लिहिलं, त्यात वर्तमानपत्रांनी आणि समाजाने या निष्कर्षांचं काय केलं हाच विषय आहे. संशोधकाने मागे वळून असं पाहावं हे चांगलंच. पण बातमी तोवर निघून गेलेली असते.

२०१६ मध्ये आणखी एक मोठा अभ्यास छापला गेला. अठरा बेने इस्राएल व्यक्तींच्या संपूर्ण जनुकीय माहितीवरून संशोधकांनी म्हटलं की आपल्यात मध्यपूर्वेतल्या यहुद्यांचा आणि भारतीयांचा असा दोन्हींचा वारसा आहे, यहुदी अंश पुरुषांकडून जास्त आलेला दिसतो, आणि ही सरमिसळ साधारण एकोणीस ते तेहतीस पिढ्यांपूर्वीची आहे. या निष्कर्षात लाज वाटण्यासारखं काहीच नाही. हरभऱ्याची उसळ आणि मलिद्याचं ताट एकाच घरात वाढणाऱ्यांना हे नवं तरी कशाला असावं? पण नीट पाहा, अठरा माणसांनी नमुने दिले आणि त्यावरून हजारोंच्या समाजाबद्दल विधान झालं. शास्त्राच्या पद्धतीने ते योग्य असेल. संमतीचा कागद मात्र अठरांचाच असतो. बाकीच्यांच्या आज्यांबद्दलही त्यात बोललं जातं.

हीच अडचण जगभर लहान समाजांना आली आहे. अमेरिकेत ग्रँड कॅन्यनच्या तळाशी राहणाऱ्या हवासुपाई लोकांनी १९९० च्या सुमारास मधुमेहाचं कारण कळावं म्हणून ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांना रक्त दिलं. मधुमेहाने ते गाव खरोखरच पोखरलं होतं. पुढे कळलं की त्याच रक्तावर मानसिक आजारांचा, आपसातल्या लग्नांचा आणि त्यांचे पूर्वज आशियातून कसे आले याचाही अभ्यास झाला. त्यांच्या श्रद्धेप्रमाणे त्यांची उत्पत्ती त्या दरीतलीच. त्यांनी दावा लावला. २०१० मध्ये तडजोड झाली, ४१ जणांना मिळून ७ लाख डॉलर मिळाले आणि उरलेलं रक्त परत मिळालं. आफ्रिकेच्या दक्षिणेत सान लोकांनी २०१७ मध्ये एक पाऊल पुढे टाकलं. त्यांनी स्वतःच संशोधकांसाठी नियम लिहिले: आदर ठेवा, खरं बोला, न्याय्य वाटा द्या, काळजी घ्या, आणि आमच्या ठरलेल्या वाटेने या.

कवट्या परत आल्या

हॉलंडच्या जुन्या झाउडर झे समुद्राकाठच्या दोन गावांच्या गोष्टी सांगून हा फेरा पुरा करतो. ही गावं गोऱ्या, ख्रिस्ती डचांची. मापपट्टी फक्त आपल्यासारख्यांवर चालते असं कोणी समजू नये म्हणून.

उर्क हे पूर्वी बेट होतं, कोळ्यांचं, आपल्या रीतीला घट्ट धरून राहणारं. एकोणिसाव्या शतकात ‘शुद्ध’ डच कवट्या हव्यात म्हणून उर्कच्या कबरस्तानातून कवट्या चोरल्या गेल्या आणि उट्रेख्त विद्यापीठाच्या संग्रहात जमा झाल्या. उर्कच्या लोकांनी वर्षानुवर्षं त्या मागितल्या. अखेर २०१० मध्ये त्या परत आल्या आणि गावाने त्या पुन्हा मातीत ठेवल्या. नवगावच्या जुन्या कबरस्तानात ज्यांनी दगड ठेवला आहे त्यांना उर्ककरांचा हट्ट समजावून सांगावा लागणार नाही.

दुसरं गाव फोलेंडाम. कॅथॉलिक कोळ्यांचं, शेकडो वर्षं आपसात लग्नं झालेलं, अगदी आपल्यासारखं. तिथे काही घरांत अशी बाळं जन्मत ज्यांचा मेंदू नीट वाढत नसे, आणि ती लहानपणीच जात. आई-बाप दोघंही धडधाकट, फक्त दोघांकडे एकाच दोषाची लपलेली प्रत. ॲम्स्टरडॅमच्या विद्यापीठ-इस्पितळातल्या डॉक्टरांनी हा आजार ओळखला, पुढे त्याचं जनुक सापडलं. इथवर ही संशोधनाची नेहमीचीच कथा. पण ती इथे थांबली नाही. २०१२ पासून फोलेंडामच्या जोडप्यांसाठी खास तपासणी सुरू झाली. मूल होण्याआधी दोघांनी जायचं, त्या गावात आढळणाऱ्या चार गंभीर आजारांसाठी रक्त द्यायचं, निकाल दोघांनाच कळायचा, पुढे काय करायचं ते दोघांनीच ठरवायचं. लोकांना त्याबद्दल काय वाटतं, गावावर शिक्का बसल्यासारखं वाटतं का, हेही संशोधकांनी विचारलं.

फरक कशात पडला? रक्त तेच, सुई तीच. पण प्रश्न गावाच्या दुःखातून आला होता, आणि उत्तर गावाकडे परत आलं.

म्हणून आमचं म्हणणं ‘काडी फिरवू देऊ नका’ असं नाही. आपल्यासारख्या समाजाला अशा तपासणीची गरज आहे, कदाचित इतरांपेक्षा जास्तच. पिढ्यान्‌पिढ्या मामे-आतेभावंडांत आणि ओळखीच्या घरांत लग्नं झाली आहेत. भारतीय शरीराला कमी वजनावरही मधुमेह गाठतो, हे हॉलंडच्याच सुरिनामी हिंदुस्थानी लोकांवरच्या अभ्यासांतून डच डॉक्टरांना कळलं आणि तिथल्या घरांना त्याचा उपयोग झाला. दार बंद केलं तर आपलंच नुकसान.

दार उघडण्याआधी मात्र चार प्रश्न विचारावेत. पहिला, हा प्रश्न कोणाचा? माझ्या मुलांच्या प्रकृतीचा, की आपण खरे यहुदी आहोत का याचा? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आपल्याला प्रयोगशाळेकडून नको आहे. दुसरा, नमुना कुठे राहणार, किती वर्षं, आणि उद्या वेगळ्या कामासाठी वापरायचा झाला तर मला पुन्हा विचारणार का? तिसरा, निकाल मला कळणार का, माझ्या भाषेत, आणि छापण्याआधी आपल्या मंडळींना दाखवणार का? चौथा, मी मन बदललं तर?

या प्रश्नांना आज कायद्याचा आधार आहे. २०१८ पासून लागू झालेला युरोपीय संघाचा माहिती-संरक्षणाचा कायदा जनुकीय माहितीला खास जपायची माहिती मानतो, त्यामुळे हॉलंडात राहणाऱ्या आपल्या कोणालाही ‘माझ्याबद्दल काय ठेवलं आहे ते दाखवा’ असं म्हणता येतं. दिलेली संमती मागेही घेता येते, मात्र तोवर जे छापून झालं ते परत येत नाही. भारतातही आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची तत्त्वं समाजाशी आधी बोला असं सांगतात, आणि पंचांनी हो म्हटलं म्हणून घरच्या माणसाला विचारायचं टाळू नका असंही. हे दुसरं आपल्याला विशेष लक्षात ठेवायला हवं. अध्यक्षांनी, काझींनी किंवा घरातल्या वडीलधाऱ्यांनी मान डोलावली म्हणून सूनबाईने हात पुढे करायलाच हवा असं नाही.

एझेकिएल राहाबींच्या पत्राला अडीचशेहून जास्त वर्षं झाली. त्या वेळी हेगमधून आलेल्या प्रश्नाला आपल्या वतीने कोचीनने उत्तर दिलं, कारण आपल्याला लिहिता येईल असं कोणाला वाटलं नव्हतं. आता आपली मुलंच त्या हेगमध्ये, ॲम्स्टलवेनमध्ये, आइंडहोवनमध्ये नोकऱ्या करतात, त्यांतली काही उद्या स्वतः प्रयोगशाळेत उभी राहतील. पुढचा प्रश्न आला की उत्तर आपण द्यावं, आणि त्याआधी प्रश्नही आपणच नीट वाचून घ्यावा.

शालोम.